अठरावं घड्याळ

आमच्या घरात सतरा घड्याळं आहेत, आणि वेळ हवी असेल तर आप्पांना विचारावी लागते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं, आणि दुकान बंद केलं तेव्हा ते उचलून घरात आणलं. भिंतीवरची सतरा घड्याळं आमची नाहीत, लोकांची आहेत. आम्ही त्यांना पेशंट म्हणतो. दुरुस्त झालेलं घड्याळ पंधरा दिवस आमच्या भिंतीवर राहतं आणि त्या पंधरा दिवसांत, चावी देणारे आप्पा सोडले तर, त्याला कोणीही हात लावायचा नाही, हा या घरातला पहिला आणि शेवटचा नियम. ते पुढे पळू दे, मागे पडू दे, काय वाटेल ते करू दे. आप्पा रोज सकाळी वही घेऊन बसतात आणि कोणी कालपासून किती मिनिटं खाल्ली ते टिपून ठेवतात. काटे सरकवून वेळ बरोबर केली की रोग लपतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या बैठकीच्या खोलीत एकाच वेळी नऊ, पावणेबारा आणि साडेपाच वाजलेले असतात. खरी वेळ फक्त आप्पांच्या मनगटावर.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने एका घड्याळाचे काटे जागेवर आणले होते. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्याला अठरा वर्षं झाली. आता माझेही डोळे असे तयार झालेत की घड्याळ समोर दिसतं, पण त्यात किती वाजलेत ते डोक्यापर्यंत पोचतच नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या गुरुवारी याच डोळ्यांनी आमचा घात केला.

मुद्दा मनोऱ्याचा होता. गावच्या चौकात घड्याळाचा जुना मनोरा आहे, शहाण्णव पायऱ्यांचा. त्यातलं यंत्र चावीवर चालतं आणि चावी आठवड्यातून एकदा द्यावी लागते. एकतीस वर्षं दर गुरुवारी पाच वाजता आप्पा वर गेले, चावी दिली, तेल घातलं, कबुतरांना शिव्या दिल्या आणि खाली आले. एकही गुरुवार चुकला नाही. मग पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी पाय मोडून घेतला. तोही मनोऱ्यावर नाही, घरातच, अकरा नंबरच्या पेशंटला चावी देताना स्टुलावरून. पण गावात बातमी पसरली की घड्याळजी मनोऱ्यावरून पडले. काही जणांनी तर त्यांना पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंही होतं.

नगरपालिकेला निमित्तच हवं होतं. तिथल्या इंजिनियरने प्रस्ताव मांडला: जुनं यंत्र काढून टाकायचं आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळ बसवायचं. ते वायफायवरून आपली वेळ आपण घेईल. चावी नको, माणूस नको, मोडायला पाय नकोत. निर्णयाची बैठक गुरुवारी चार वाजता. आप्पांनी अर्ज केला की आधी माझं ऐका. उत्तर आलं, येता येत नसेल तर घरून कॉम्प्युटरवरून बोला, पाच मिनिटं देऊ.

पाच मिनिटांसाठी आप्पांनी चार पानी भाषण लिहिलं.

माझं म्हणाल, तर मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दवाखाना गुरुवारी बंद, म्हणून हे पाच गुरुवार चावी द्यायला मी जात होते. जाताना कुरकुर करत जायचे आणि येताना धापा टाकत यायचे, आणि मध्ये वर जे काही वाटायचं ते कोणाला सांगत नव्हते. आल्यावर आप्पा मनोऱ्याची वही उघडायचे. तिच्यात एक रकाना आहे, ‘चावी कोणी दिली’. एकतीस वर्षं तिथे त्यांची सही. माझ्या वेळेला त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सून, तात्पुरती. पहिल्यांदा मी हसले. पाचव्यांदा मला राग आला. शहाण्णव पायऱ्या काही तात्पुरत्या नव्हत्या.

पण भीती वेगळीच होती, आणि ती मला आणि सासूबाईंना, म्हणजे आईंना, न बोलता कळत होती. आप्पा आठवड्याचे सहा दिवस गुरुवारसाठी जगत होते. मनोरा गेला असता तर प्लास्टर निघूनही ते त्या खुर्चीतून उठले नसते.

तर गुरुवारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटर आतल्या खोलीतून बाहेर आणला, कारण प्लास्टरचा पाय घेऊन आप्पांना बोळातून आत जाता येत नव्हतं. डबा, पडदा, कीबोर्ड, वायरींचा गुंता, सगळं दोन फेऱ्यांत आणलं आणि आप्पांच्या खुर्चीसमोर टेबलावर मांडलं. मागे सगळी घड्याळं दिसली पाहिजेत, असा आईंचा आग्रह.

“कोण बोलतंय ते त्यांना दिसू दे,” त्या म्हणाल्या.

“सतरा घड्याळं सतरा वेगवेगळ्या वेळा दाखवतायत हेही दिसेल,” मी म्हटलं.

प्लग लावला. “आप्पा, किती वाजले?”

“एक चाळीस,” मनगट बघून आप्पा म्हणाले.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या आणि खाली, पुढे जायचं तर अमुक बटण दाबा. मी दाबलं. यंत्राने काही मागितलं की मी देऊन मोकळी होते, वाद घालत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला. वायफायच्या चारही रेघा भरलेल्या. मी खूश होऊन बैठकीची लिंक दाबली, आणि पडदा म्हणाला, हे कनेक्शन सुरक्षित नाही.

दुसरं काही उघडून पाहिलं. तेही सुरक्षित नाही. हवामान सुरक्षित नाही, वर्तमानपत्र सुरक्षित नाही. एकूण जगच आमच्यासाठी असुरक्षित झालं होतं.

“जागा बदललीस ना,” आई म्हणाल्या. “त्याला सवय नाही इथली.”

हसू नका. मलाही तसंच वाटलं होतं, फक्त मी ते शास्त्रीय भाषेत वाटून घेतलं. राउटर आत बोळात, मध्ये लोखंडी कपाट. सिग्नल कपाटावर आपटत असणार. मी राउटर उचलून कपाटाच्या वर ठेवला. चार रेघा होत्या त्या चारच राहिल्या आणि जग होतं तसंच असुरक्षित. मग राउटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटरला सांगितलं की हे वायफाय विसर, आणि तो आज्ञाधारकपणे विसरला. मग पासवर्ड कोणालाच आठवेना. तो राउटरच्या पोटाखाली लिहिलेला आणि राउटर कपाटावर. मी स्टुलावर चढले.

“त्याच स्टुलावरून पडलो मी,” आप्पा खुर्चीतून म्हणाले.

“माहीत आहे, आप्पा.”

पासवर्ड घातला. जोडलं गेलं. चार रेघा. सुरक्षित नाही.

माझ्या फोनवर त्याच वायफायवर सगळं व्यवस्थित उघडत होतं. म्हणजे वायफाय शुद्धीवर होतं, बिघाड कॉम्प्युटरमध्ये होता. मग फोनवरूनच बोलावं म्हणून बैठकीचं ॲप उतरवायला गेले, तर तुमचा फोन फार जुना आहे असं म्हणून त्याने मला दारातूनच परत पाठवलं. नवऱ्याकडे नवा फोन आहे, पण नवरा बस चालवतो आणि या वेळी तो बस घेऊन दुसऱ्या गावच्या वाटेवर असतो. चालत्या बसमध्ये तो फोन उचलत नाही आणि उचलूही नये. शेजारचे दोघंही कामावर.

आप्पांची चार पानं मांडीवर, नजर पडद्यावर. एरवी त्यांनी मला शंभर सूचना केल्या असत्या. ते गप्प बसले की माझा धीर सुटतो.

शेवटी इंटरनेट कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं मला एकच धून ऐकवली. मग एका मुलीचा आवाज आला, इतका गोड की तिच्यावर चिडताही येईना. मी मघापासून केलेलं सगळं एका दमात सांगितलं. कपाटासकट.

“मॅडम, खाली उजव्या कोपऱ्यात वेळ किती दाखवतोय?”

“त्याचं काय आहे, आमच्या घरातल्या घड्याळांकडे तुम्ही लक्ष देऊ नका,” मी सवयीने म्हणून गेले.

“मॅडम, मी कॉम्प्युटरमधल्या घड्याळाबद्दल विचारतेय.”

मी कोपऱ्यात बघितलं. दुपारभरात तिथे मी वीस वेळा तरी बघितलं असेल, कारण वायफायच्या रेघा त्याच्या शेजारीच असतात. “एक पंधरा,” मी म्हटलं. “आप्पा, किती वाजले?”

“दोन पंचावन्न.”

“आता बाण त्या वेळेवर नेऊन ठेवा, तारीख दिसेल.”

नेला. तारीख पहिली जानेवारी. साल असं की तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. हा कॉम्प्युटर तर कारखान्यातही जन्मला नसेल.

मुलीने समजावून सांगितलं. प्रत्येक साइट दारात आपलं ओळखपत्र दाखवते, आणि त्यावर ते कधी निघालं ते लिहिलेलं असतं. आमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती ओळखपत्रं अजून निघायचीच होती. मग तो कोणाला आत कसा घेणार? वायफायचा काही दोष नाही, मॅडम. तुमची तारीख चुकलीय.

मी कपाळाला हात लावला. अठरा वर्षं या लोकांना हसत आले. घड्याळांच्या घरात राहतात आणि यांना वेळ दिसत नाही, असं माहेरी सांगून सगळ्यांना हसवत आले. आता मीही पुरती याच घरची झाले होते.

“एक तास चाळीस मिनिटं मागे,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. चार पानं बाजूला गेली होती आणि मांडीवर पेशंटची वही आली होती. “आता एक सोळा झाले बघ. इथेही एक मिनिट सरकलं. म्हणजे चाल चोख आहे. चाल चोख आणि वेळ चूक, याचा अर्थ काय?”

“आप्पा, आत्ता नको.”

“याचा अर्थ ते बिघडलेलं नाही, बंद पडलं होतं. तू प्लग लावलास एक चाळीसला. तेव्हा त्याने बारापासून मोजायला सुरुवात केली. वीज नसताना त्याला चालतं ठेवणारं आत काहीतरी असणार, आणि ते मेलंय.”

फोनवरची मुलगी ऐकत होती. “आजोबा बरोबर सांगतायत, मॅडम. आत बटणाचा सेल असतो. पण सध्या नुसती तारीख बदलली तरी चालेल.”

सेल! हा शब्द आमच्या घरात दबक्या आवाजात उच्चारतात. सेलवरच्या घड्याळांना आप्पा घड्याळ म्हणतच नाहीत, ‘ते’ म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवावे लागायचे म्हणून सेल एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत, आणि डब्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती: नाइलाज.

मी तारीख बदलायला हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” आप्पा म्हणाले. “आधी कारण काढू.”

“आप्पा, तासाभरात बैठक आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “कारण बैठक झाल्यावर काढा. आज काटे सरकवू दे मला.”

आईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. आप्पांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मान वळवली. त्यांच्या घरात, त्यांच्या देखत, मी घड्याळाला वेळ लावली. जग क्षणात सुरक्षित झालं. बैठकीचं पान उघडलं आणि तिथे लिहून आलं: कृपया थांबा. त्या मुलीला मी इतके आशीर्वाद दिले की तिने घाईघाईने फोन ठेवला.

जीव भांड्यात पडला. चहा झाला. आप्पांची दाढी झाली. तीन चाळीसला आईंच्या लक्षात आलं की शर्टाची कॉलर चुरगळलीय. त्यांनी इस्त्री आणली आणि जवळात जवळ दिसलेल्या जागी, म्हणजे कॉम्प्युटरच्याच बोर्डावर, लावली.

फट् असा आवाज झाला. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

“माझ्या हातात काय विष आहे का!” आई म्हणाल्या आणि गरम इस्त्री तशीच हातात घेऊन उभ्या राहिल्या.

मी मेन स्विचकडे धावणार, तोच आप्पा म्हणाले, “स्विच नंतर लाव. आता बंद आहे तोवर ते उघड.” मी थांबले. “बाई, तू पुन्हा वेळ लावशील, पुन्हा काहीतरी होईल. मी बोलत असताना झालं तर? उघड ते. आणि नाइलाज आण.”

त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला मघाशीही कळलं होतं. प्लग काढला, स्क्रू काढले, डबा आडवा करून टेबलाच्या कडेला आणला. आत नुसती धूळ. आप्पांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाकले. कॉम्प्युटरच्या पोटात त्यांनी उभ्या आयुष्यात डोकावून बघितलं नव्हतं, पण त्यांचा हात जराही चाचपडला नाही. “हा बघ,” म्हणाले. नाण्याएवढा सेल, एका चिमुकल्या खाचेत बसलेला. चिमट्याने खाच दाबली, सेल टुणकन वर आला. नाइलाजाच्या डब्यातून तसाच एक काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि बसवला. टिक. दोन मिनिटंही लागली नाहीत. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला दुकानातले आप्पा दिसले.

“शर्ट पुसायला वापरलात!” आई म्हणाल्या.

इस्त्रीचा प्लग काढला, कॉम्प्युटरचा लावला, स्विच वर केला. तारीख लावली. तीन सत्तावन्न. रेघा चार, जग सुरक्षित. वर चुरगळलेल्या कॉलरचा शर्ट, खाली अर्धी चड्डी आणि प्लास्टर, अशा थाटात आप्पा नगरपालिकेसमोर हजर झाले.

आमचा नंबर चार वीसला आला. पडद्यावर लांबट टेबल, अध्यक्षबाई मध्ये, दोन्ही बाजूंना सदस्य, आणि टोकाला इंजिनियर. तरुण होता, चांगला वाटला. मला तो वाईट वाटला असता तर बरं झालं असतं.

“बोला, घड्याळजी. पायाला आराम आहे ना? मनोऱ्यावरून पडलात म्हणे,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“स्टुलावरून,” आप्पा म्हणाले.

मग त्यांनी चार पानं उचलली, पहिल्या पानाकडे बघितलं, आणि पालथी घातली.

“भाषण लिहिलं होतं,” ते म्हणाले. “ते राहू दे. आज दुपारी काय झालं ते सांगतो.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. कपाटावर चढलेला राउटर, विसरलेलं वायफाय, पहिली जानेवारी. आईंची इस्त्रीही सोडली नाही. एक सदस्य हसायला लागले, मग दोघं.

“हसा. पण मला लाज वाटली ती वेगळ्या गोष्टीची. ते घड्याळ दोन-अडीच हातांवर होतं. दुपारभर खोटी वेळ दाखवत होतं. मी घड्याळजी, मी समोर बसलेलो, आणि मला दिसलं नाही. का दिसलं नाही? कारण ते आपलं आपण चालतं असं सगळ्यांनी धरलेलं. जे आपलं आपण चालतं त्याच्याकडे कोणी बघत नाही.”

“पण आजोबा,” इंजिनियर म्हणाला, “नव्या घड्याळाची वेळ चुकली तरी ते वायफायवरून सुधारून घेईल.”

“आमच्याकडे पण वायफाय होतं. चार रेघा होत्या. वेळ चुकली म्हणून बाहेरचं काही आत येईना, आणि बाहेरचं आत येईना म्हणून वेळ सुधारेना.”

इंजिनियर डोकं खाजवायला लागला.

“मग सुधारलं कसं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“माणसाने बघितलं,” आप्पा म्हणाले. “तुमचं घड्याळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. आज सेलनेच माझी लाज राखली, हे पण कबूल करतो.” आईंनी माझा हात घट्ट धरला. हे वाक्य त्यांनी संसारात पहिल्यांदा ऐकलं होतं. “माझं यंत्र चावी दिली नाही तर आठव्या दिवशी बंद पडतं. तुम्ही म्हणता हा त्याचा दोष. पण म्हणून तर दर गुरुवारी त्याच्याकडे कोणीतरी जातं. जातं म्हणून बघतं. तेवढंच सांगायचं होतं.”

मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि जो प्रश्न मला नको होता तोच विचारला. “घड्याळजी, पटतंय मला. पण तुम्ही आता शहाण्णव पायऱ्या चढणार आहात का? खरं सांगा.”

आप्पांनी प्लास्टरकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. “नाही,” ते म्हणाले. “आता नाही जमणार.”

“मग वर कोण जाणार?”

मला अजून नीट कळलेलं नाही मी काय विचार केला ते. केलाच नाही बहुतेक. आप्पांच्या खांद्यावरून वाकून मी कॅमेऱ्यात तोंड घातलं, इतकं जवळ की त्यांना माझं नाकच दिसलं असेल. “मी जाते,” मी म्हटलं. “पाच आठवडे मीच जातेय. पुढे पण मीच जाणार. आणि मला तिथे आवडतं.”

शेवटचं वाक्य माझं मलाच नवीन होतं.

आप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात खिडकीतून मनोऱ्याचा ठोका ऐकू आला, साडेचारचा एक. आणि लगेच मागोमाग कॉम्प्युटरमधून तोच ठोका पुन्हा, कारण नगरपालिकेची इमारत मनोऱ्याच्या अगदी पायाशी आहे. आप्पांनी मनगट बघितलं.

“यंत्र बरोबर आहे,” ते अध्यक्षबाईंना म्हणाले. “तुमचा आवाज मात्र सेकंदभर मागे आहे.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग हात वर झाले. यंत्र राहील, चावीची जबाबदारी घड्याळजींच्या घराकडे. इंजिनियरने, त्याला मत नसतानाही, हात सगळ्यात शेवटी वर केला, पण केला, आणि आप्पांना विचारलं की एकदा वर येऊन यंत्र बघितलं तर चालेल का.

“माझ्या सुनेला विचारा,” आप्पा म्हणाले.

पाच वाजता वर पोचायचं होतं. मी चावी घेतली, चपला घातल्या. कॉम्प्युटर बंद करायला आई पुढे झाल्या तर आप्पा ओरडले, “हात लावू नकोस त्याला! नवा सेल आहे. पंधरा दिवस बघायचं.” वहीत त्यांनी अठरावा पेशंट मांडला होता.

वर कबुतरं नेहमीच्या जागी होती. मी फेरे मोजून दिले, दोन वेळा मोजले. खाली चौकात माणसं येत-जात होती आणि येता-जाता मान वर करून बघत होती. मला नाही, घड्याळाला. तरी मला बरं वाटलं.

घरी आले तेव्हा आप्पा मनोऱ्याची वही उघडून माझीच वाट बघत बसलेले. तारीख लिहिली, वेळ लिहिली. रकान्यात लिहिलं: सून. पेन तिथेच थांबलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, कारण वहीत खाडाखोड त्यांना खपत नाही, आणि वरच्या पाचही ओळींतल्या ‘तात्पुरती’वर एकेक सरळ रेघ मारली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

“गेल्या गुरुवारी दोन फेरे कमी दिले होतेस,” ते म्हणाले.

“कबुतर अंगावर आलं होतं, आप्पा.”

“येतं ते,” आप्पा म्हणाले. “डाव्या खिडकीतलं ना? त्याला आधी शिवी द्यायची, मग चावी.”